बाकावरची थाप

हात आधी पडला. बाक वाजला, त्याच्या पाठोपाठ मागचे चाळीस-पन्नास बाक वाजले, आणि तो गडगडाट विरत आला तेव्हा कुठे त्याला कळलं, की मंत्री आत्ता जे बोलला ते आपल्या गावाबद्दल होतं. एकाही माणसाला, अध्यक्ष महोदय, एकाही माणसाला त्या कारखान्याच्या पाण्यामुळे काडीचीही बाधा झालेली नाही, असं म्हणताना मंत्र्याचा आवाज शेवटाला चढला होता. आवाज चढला की हात पडायचा, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मधे डोक्याला कुणी विचारत नव्हतं. तळहात चुणचुणत होता. त्याने तो उलटा करून बघितला, तर लाल झालेला. मग बराच वेळ तो त्या तळहाताकडेच बघत राहिला, कारण मान वर केली असती तर प्रेक्षकांच्या सज्जात, तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून बसलेला त्याचा मोठा भाऊ दिसला असता.

प्रश्न त्याचा स्वतःचाच होता, हा तर कहर. दुसऱ्या कुणाचा प्रश्न असता, दुसरं कुठलं गाव असतं, तर चूक म्हणून पचवता आली असती. सभागृहात रोज कुणी ना कुणी भलत्या वेळी बाक वाजवतो, शेजारी हसतो, संपलं. पण पाच मिनिटांपूर्वी अध्यक्षांनी नाव पुकारलं तेव्हा तोच उठला होता, त्यानेच घसा साफ करून प्रश्नाचा क्रमांक म्हटला होता. रीत अशी, की सदस्याने नुसता क्रमांक म्हणून खाली बसायचं, मंत्र्याने छापील उत्तर वाचायचं, आणि मग सदस्याने पुन्हा उठून उपप्रश्न विचारायचा. खरी लढाई त्या उपप्रश्नात. छापील उत्तर आदल्या दिवशीच हातात पडलेलं असतं, त्यामुळे ते वाचलं जात असताना कुणी ऐकत नाही. तोही ऐकत नव्हता. तो सज्जात भावाला शोधत होता. भाऊही खालच्या दोन-अडीचशे डोक्यांत त्याला शोधत होता, आणि दोघांची नजर जुळायला आणि मंत्र्याने छापील कागद बाजूला ठेवून भाषणाचा सूर लावायला एकच गाठ पडली. भावाने त्याला ओळखलं, चेहरा जरा उजळला, आणि त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघता बघताच याचा हात बाकावर पडला. सगळ्यात आधी. अध्यक्षांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, उपप्रश्न आहे का म्हणून. तो अर्धवट उठल्यासारखा झाला. तेवढ्यात समोरच्या बाजूने विरोधी पक्षातला एक जाडजूड सदस्य म्हणाला, "अध्यक्ष महोदय, प्रश्नकर्त्याचं समाधान झालेलं दिसतंय." सगळं सभागृह हसलं. मंत्रीही हसला, आणि हसता हसता त्याने याच्याकडे बघून मान तुकवली, आभार मानल्यासारखी. अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला.

उपप्रश्न तो तसाही विचारणार नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण तो स्वतःला गेला अर्धा तास तेच सांगत होता. सकाळी प्रतोदाने त्याला कॉफीच्या टेबलाशी गाठलं होतं. प्रतोद म्हणजे पक्षाच्या सदस्यांना हाकणारा माणूस. हा मोठा गोड बोलायचा, खांद्यावर हात टाकून बोलायचा, आणि त्या हाताचं वजन बोलणं संपेपर्यंत कमी व्हायचं नाही. तो म्हणाला, प्रश्न टाकलास, छापून आला, गावात नाव झालं, आता आपल्याच मंत्र्याला उभं कशाला सोलायचं? पाणीपुरवठा समितीचं अध्यक्षपद रिकामं आहे. तिथे बसशील तर असे दहा कारखाने सरळ करशील. याने कॉफी ढवळत मान हलवली होती. त्याला ते पटलंही होतं, अगदीच काही विकला गेला नव्हता तो. समितीवर गेलो की कारखान्यात तपासणी लावू, ओढ्यात सोडलेलं ते विटकरी पाणी बंद करू, एका उपप्रश्नाने काय होतंय, असा हिशेब त्याने कॉफी थंड व्हायच्या आत जमवला होता. आज मूग गिळून बसायचं एवढंच ठरलं होतं. बाक वाजवायला कुणीच सांगितलं नव्हतं. ते त्याने आपल्या खुशीने, वरकड म्हणून, घातलं होतं.

गंमत अशी, की या हाताचं पूर्वी कौतुक व्हायचं. निवडून आला त्या पहिल्या अधिवेशनात त्याला कधी वाजवायचं तेच कळायचं नाही. लोकांचे बाक वाजून थांबले की याचा एकट्याचा वाजायचा, आणि लोक वळून बघायचे. शेजारी एक म्हातारा सदस्य बसायचा, पाच वेळा निवडून आलेला, कानात यंत्र घालणारा. त्याला दया आली. तो म्हणाला, "शब्दांकडे लक्ष देऊ नकोस, गोंधळशील. आवाजाकडे दे. मी तर यंत्र बंद करून बसतो आणि माणसाच्या गळ्याकडे बघतो. शीर फुगली की मार." हे इतकं सोपं निघालं की याला आठवडाभरात जमलं, आणि मग इतकं जमलं की याचा हात सगळ्यांच्या आधी पडायला लागला. एका वार्ताहराने त्याचं नावच 'पहिला हात' पाडलं. ते पक्षात सगळीकडे झालं, मुख्यमंत्र्यांनी एका चहापानाला ओळख करून देताना तेच नाव घेतलं, आणि त्या दिवशी घरी फोन करून त्याने बायकोला ते दोनदा सांगितलं. तो म्हातारा पुढे वारला. त्याच्या शोकप्रस्तावावर कुणी बोलताना गळा चढवला, तेव्हा याचा हात वर गेला होता, तो त्याने कसाबसा डोक्यावरून फिरवून खाली आणला. त्या दिवशी त्याचं त्यालाच हसू आलं होतं. आज ते आठवलं आणि त्याने दोन्ही हात बाकाखाली घेतले.

आणि वाजवायला पहिल्यांदा शिकवलं होतं ते भावानेच. हे त्याला या आधी कधी सुचलं नव्हतं, ते नेमकं आता, शेजारचा सदस्य कुठल्याशा पुलाबद्दल बोलत असताना, सुचावं. कणसं भरायला आली की शेतात चार बांबूंवर फळ्या टाकून बसायची जागा करायचे, आणि याला तिथे पत्र्याचा डबा देऊन बसवायचे. पाखरं आली की वाजवायचं. भाऊ त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, खालून ओरडायचा, थांबू नकोस, तू थांबलास की त्यांना कळतं. हात सुजायचे. संध्याकाळी भाऊ त्याचे हात आपल्या हातात घेऊन तेल चोळायचा आणि म्हणायचा, आज शंभर भाकरी वाचवल्यास. शंभर कसल्या, दोन-चार वाचल्या असतील. पण ते ऐकून छाती फुगायची. मग वडील गेले, भावाने शाळा सोडली आणि याची सोडू दिली नाही. भावाचं लग्न झालं, वहिनी आली, आणि पुढची सगळी वर्षं पहाटे उठून याचा डबा, म्हणजे आता जेवणाचा डबा, तिने भरला. कॉलेजात असताना एकदा तो घरी आला आणि तिचा हात बघितला. विहिरीचं पाणी तेव्हा नुकतंच रंगायला लागलं होतं, कारखाना येऊन दोन वर्षं झाली होती, आणि तिच्या बोटांच्या पेरांची साल निघाली होती. काय झालं विचारलं तर ती म्हणाली, काही नाही भाऊजी, धुणं जास्त झालं. आता तिची मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून दोनदा भाऊ तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात यंत्राला लावून आणतो. याच वहिनीला व्यासपीठावर शेजारी बसवून, तिच्या विहिरीचा तांबडा पेला हातात धरून, तो निवडणुकीत गरजला होता, की मंत्री कुणीही असो, हे पाणी मी त्याला भर सभागृहात पाजीन. लोकांनी तेव्हा टाळ्यांनी रान उठवलं होतं. वहिनीने मात्र टाळी वाजवली नव्हती, तिचे हात झोंबायचे.

म्हणून तर भाऊ आला होता. तसा तो कधी यायचा नाही. धाकट्याच्या निवडणुकीत पाय झिजवले, पण निवडून आल्यावर राजधानीत म्हणून पाऊल टाकलं नव्हतं. तुझ्या कामात आम्ही कशाला लुडबुड करू, म्हणायचा. पण पेपरात प्रश्न आला तसा त्याचा फोन आला, की मला तो ऐकायचाय, तुझ्या वहिनीने पाठवलंय, तिला येता येत नाही तर मी ऐकून येऊन सांगायचंय, शब्द न् शब्द. येताना विहिरीच्या पाण्याची एक बाटली भरून घेऊन आला. मंत्र्याला दाखवायला म्हणे. ती दारावरच्या रक्षकाने ठेवून घेतली. सज्जात बसायचेही कायदे असतात: बोलायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पुढे वाकायचं नाही, टाळी वाजवायची नाही. भाऊ ते सगळे पाळत होता. तीन तासांनी याने शेवटी वर बघितलं तेव्हाही तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत फोटो काढायला बसवल्यासारखा, तस्साच बसून होता.

मधल्या सुट्टीत तो जिन्याकडे निघाला, तर प्रश्नशाखेचा कारकून आडवा आला. पोक आलेला, सभ्य माणूस, सदस्यांच्या सहीचे कागद गोळा करण्यात जन्म गेलेला. त्याने खालच्या आवाजात विचारलं, की साहेब, तुमच्या त्या प्रश्नावर अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना द्यायची आहे का? उत्तराने समाधान झालं नाही असं दोन ओळीत लिहून द्यायचं, बस्स. सभागृह उठायच्या आत माझ्याकडे आलं पाहिजे, एवढंच. कारकुनाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, उपहासही नाही, दयाही नाही. तो हे प्रत्येकालाच विचारत असावा. पण याला वाटलं, अरे, वाट आहे. अजून आहे. दोन ओळी लिहिल्या की झालं. मंत्र्याला पुन्हा उभं राहावं लागेल, आणि तेव्हा मी बोलेन, आणि बाकाचं काय, बाक चुकून वाजला म्हणता येईल, सरळ सभागृहातच म्हणता येईल. तो म्हणाला, "देतो. संध्याकाळपर्यंत आणून देतो." कारकून बरं म्हणाला आणि दुसऱ्या कुणाला तरी गाठायला गेला. जिना उतरताना त्याला हलकं वाटलं. तेवढ्यात लांबून प्रतोदाने त्याच्याकडे बघून अंगठा दाखवला, आणि त्याने, कशासाठी कोण जाणे, हसून मान हलवली.

भाऊ खाली दाराशी रक्षकाकडे बाटली मागत होता. रक्षकाने पाणी कुंडीत ओतून टाकलं होतं. रिकामी बाटली दिली आणि म्हणाला, पाणीच तर होतं बाबा.  भाऊ बाटली बगलेत मारून याच्याबरोबर चालायला लागला. सदस्यांच्या वसतिगृहातल्या खोलीवर दोघे जेवले. याने दोन्ही ताटं वर मागवली होती, कारण खालच्या उपाहारगृहात पक्षाचे लोक बसलेले असणार. भावाने खोली बघितली, गादी दाबून बघितली, खिडकीतून खाली गाड्या बघितल्या. बोलला ते सगळं इकडचं तिकडचं: म्हैस व्याली, शाळेचं छप्पर झालं, मास्तर बदलून गेला. सभागृहाचं नाव नाही. याने वाट बघितली. भावाने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, दोन मुस्काटात दिल्या असत्या तर पाय धरता आले असते. लहानपणी भाऊ मारायचा आणि मग सगळं मिटायचं. शेवटी न राहवून यानेच विचारलं, "दादा, वर नीट ऐकू आलं का तुला?"

"आलं की," भाऊ म्हणाला. "कर्णे चांगले आहेत तिथले." आणि हात धुवायला उठला. न्हाणीघरात तो बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बाटली भरलेली होती. नळाचं पाणी. ती त्याने उजेडाला धरून बघितली आणि म्हणाला, हे तुझ्या वहिनीला नेतो, एक दिवस तरी.

भावाची बस चारची होती, आणि सभागृह पाचच्या सुमाराला उठायचं. बसस्थानक शहराच्या दुसऱ्या टोकाला; जाऊन यायचं म्हणजे दोन तास कुठेच गेले नाहीत. हे त्याला वसतिगृहाचा जिना उतरतानाच कळलं होतं. भाऊ म्हणाला, तुला काम असेल, तू जा, मी जाईन विचारत विचारत, तोंड आहे मला. त्याने सरळ हो म्हणायला हवं होतं. कागद टेबलावर होता, पेन खिशात होतं, कारकून चार पावलांवरच्या इमारतीत बसला होता. पण तो म्हणाला, "छे, असं कसं, पहिल्यांदा आलास आणि एकटा पाठवू?" आणि ते म्हणताना त्याला खरंच गहिवरून आलं. ड्रायव्हरलाही त्याने नेलं नाही, गाडी स्वतः काढली. पहिल्या सिग्नलला थांबल्यावर त्याच्या मनाने त्याला आयतं वाक्य हातात दिलं: दादाला सोडायला गेलो म्हणून राहिलं. काय सुरेख वाक्य होतं. कारकुनाला सांगता आलं असतं, बायकोला सांगता आलं असतं, पुढे कधी वहिनीलाही. दुसऱ्या सिग्नलपर्यंत त्याने ते इतक्यांदा घोळवलं की ते खरंच वाटायला लागलं, आणि तिसऱ्या सिग्नलला त्याला स्वतःची इतकी किळस आली की मागच्या गाडीने भोंगा वाजवेपर्यंत हिरवा दिवा दिसला नाही. वळवावी गाडी, असं आलं मनात. भावाला इथेच रिक्षात बसवावं आणि वळवावी. स्टिअरिंगवर उजवा हात होता. त्याने तो बघितला. हात काही वळला नाही, सरळ गेला. शेजारी भाऊ मांडीवर बाटली धरून बाहेरची दुकानं बघत होता, आणि एका दुकानाच्या काचेत उभ्या केलेल्या कपडे घातलेल्या पुतळ्यांना बघून म्हणाला, हे बघ, तुमचं सभागृह. दोघेही हसले. हसून झाल्यावर याने उगाच काच खाली केली.

बस लागलेली होती. भाऊ आत जाऊन खिडकीशी बसला, हा खाली उभा राहिला. माणसं चढत होती, बोचकी वर टाकत होती. आता तो बोलणार, असं याला वाटलं, आणि बोलू नये असंही वाटलं. भावाने खिडकीतून हात बाहेर काढून याच्या खांद्यावर ठेवला. प्रतोदाच्या हातासारखं वजन त्याला नव्हतं.

"तुझी वहिनी विचारणार," भाऊ म्हणाला. "शब्द न् शब्द सांग म्हणाली होती. मग मी असं सांगतो, की प्रश्न आला. मंत्री खोटं बोलला. आणि तू बाकावर हात आपटलास. सगळ्या सभागृहाच्या आधी, एवढ्या जोरात की मला वर ऐकू आला."  याच्याकडे न बघता, पुढच्या बसच्या नंबराकडे बघत त्याने विचारलं, "असं सांगितलं तर चालेल ना?"

यात खोटा शब्द एकही नव्हता. भावाने सबंध दुपारभर, ती म्हैस, ते छप्पर, तो मास्तर बोलत असताना, हेच एक जुळवलं होतं. तसा तो कधी खोटं न बोललेला माणूस. घरी जाऊन आजारी बायकोला सांगायला त्याला काहीतरी हवं होतं, आणि धाकट्याने जे काही केलं होतं त्यातूनच त्याला ते काढायचं होतं. नाही म्हण, असं याच्या आत कुणीतरी सांगत होतं. म्हण की दादा, मी तसा आपटला नाही, तुला माहीत आहे मी कसा आपटला, थांब, उतर, अजून तासभर आहे, आपण दोघे परत जाऊ आणि तुझ्यासमोर मी दोन ओळी लिहितो.  ड्रायव्हरने बस चालू केली, खिडकीची काच थरथरायला लागली.

"चालेल," तो म्हणाला.

भावाने मान हलवली आणि हात आत घेतला. बस निघाली. तो परत आला तेव्हा सभागृह उठलं होतं, झाडणारी बाई बाकांखालचे कागद गोळा करत होती, आणि कारकून दप्तर आवरत होता. त्याने कारकुनाला ते वाक्य सांगितलं, भावाला सोडायला गेलो म्हणून राहिलं. कारकून म्हणाला, होतं असं साहेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सभागृहाच्या दाराशी पोचला आणि फोन वाजला. गावच्या घरचा नंबर होता. वहिनी क्वचितच फोन करायची, तिला दम लागायचा. तिचा आवाज बारीक झाला होता, पण त्यात काहीतरी होतं जे त्याने फार दिवसांत ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, हे पहाटे पोचले, सगळं सांगितलं मला. शेजारपाजारचे पण येऊन बसले होते ऐकायला, दोनदा सांगायला लावलं त्यांना. ती थांबली, श्वास घेतला. पाणी पण पोचलं म्हणाली, गोड आहे. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागून सदस्य आत जात होते, त्यातल्या कुणी तरी त्याच्या पाठीत थाप मारली आणि 'काय पहिला हात' म्हणून पुढे गेला. आत घंटा वाजायला लागली होती.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "एवढ्या जोरात आपटायचा का हात? दुखत असेल हो."

"नाही वहिनी," तो म्हणाला. "सवय आहे मला."